वाकिजानच्या कानातली रिकीब

वाकिजान घरात बहिरा होता आणि भट्टीत नव्हता. एवढ्या एका गोष्टीवरून त्याची बायको गिनेम सात वर्षं त्याच्याशी भांडली.

भांडण एकतर्फी. ती चुलीपासून बोलत राहायची, तो पडवीत पाठमोरा बसून काशाच्या पट्टीवर कानस चालवत राहायचा. मग ती बांबूचं कुंपण ओलांडून माझ्याकडे यायची, चपला न काढता थेट स्वयंपाकघरात.

"बु गुरु, तुम्हीच सांगा. दीड हातावरून विचारते, भात वाढू का? हा बघतो केळीकडे. आणि तिकडे भट्टीत चार जण घण मारताहेत, भाता फुसफुसतोय, तिथे कोपऱ्यातून कोणी म्हणालं की आज पाक वाकिजानला बायकोने उपाशी पाठवलेलं दिसतंय, की याला बरोब्बर ऐकू येतं! वर उत्तर देतो! मग कसला बहिरा? याला माझाच आवाज नकोय."

"नवऱ्यांना तो आजार असतो," मी म्हणायचे आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचे.

मी तालुक्याच्या शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून गावाला मी बु गुरु, म्हणजे शिक्षिकाबाई. कानाचा धडा दरवर्षी यायचा. मुलांकडून आकृती काढून घ्यायची, नावं पाठ करून घ्यायची. आणि इथे शेजारीण सात वर्षं रोगाचं मुख्य लक्षण माझ्या ओट्याशी उभं राहून सांगत होती, तर मी त्याला संसाराची कटकट समजले. लिहायला लाज वाटते, पण झालं ते असंच.

आमचं केदुंगसारी सोलो शहराच्या दक्षिणेला आहे आणि काशावर जगतं. आमच्या गामेलान वाद्यवृंदाचे संच इथे घडतात: मोठ्या घंटा, भांडी, जाड पट्ट्यांचे सारोन, पातळ पट्ट्यांचे गेंदेर. पाक साप्तो भट्टीचा मालक; पाक हे आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी मानाने लावतात. त्याचे लोहार धातू तापवून आकार देत, आणि मग ती मुकी वस्तू भट्टीच्या बाजूच्या छपरात वाकिजानसमोर येई. पट्टी पोटाशी घासली की सूर उतरतो, टोकांशी घासली की चढतो. किती घासायची आणि कुठे थांबायचं, हे वाकिजानच्या कानाचं काम. त्यात मापाचा उपयोग नाही. दोन गावांचे संच आमच्याकडे एका सुरात नसतात आणि नसावेतच. प्रत्येक संचाचा आपला स्वभाव असतो, आणि पातळ पट्ट्या जाड पट्ट्यांपेक्षा जाणून केसभर चढ्या ठेवतात. केस किती जाड, ते सूर लावणारा ठरवतो. तो म्हणाला झालं, की झालं. तिथे पाक साप्तोसुद्धा बोलत नसे.

वाकिजान दिसायला सरळ, अंगाने काटक, आणि बोलायला इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. गावाने त्याचा अर्थ लावून टाकला होता: काय संस्कारी माणूस! लोहाराच्या पोटी जन्मून राजवाड्यातल्यासारखा बोलतो! आणि अशा माणसाशी आपण मोठ्याने कसं बोलायचं? म्हणून लोक त्याच्याशी आणखी हळू बोलत, अदबीची जड बोली वापरून, नजर खाली ठेवून. त्याला त्यातलं काही कळत नसे. तो हसे, मान तुकवे आणि म्हणे, "इंग्गिह." इंग्गिह म्हणजे आमचं अदबीचं हो. पण ते 'ऐकलं' यालाही चालतं, 'बघू' यालाही चालतं, आणि 'आता निघा' यालाही. लोक खूश होऊन जात. जितका मान वाढला तितका तो आणखी बहिरा होत गेला, आणि जितका बहिरा झाला तितका मान वाढला. असला मूर्खपणा आमच्याच मुलखात होऊ शकतो.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो गिनेमच्या तापामुळे. तिला उठवेना, म्हणून वाकिजानचं जेवण, पानात बांधलेला भात आणि तळलेल्या सोयाबीनच्या वड्या, म्हणजे टेंपे, घेऊन मी छपराकडे गेले. त्याची पाठ माझ्याकडे होती. पुढ्यात गेंदेरची पातळ पट्टी. उजव्या हातात ठोकणी. आणि डाव्या हाताने त्याने एक सागवानी दांडी पट्टीवर टेकवली होती, दांडीचं दुसरं टोक दातांत घट्ट धरलेलं. ठोकायचा, डोळे मिटायचा, दांडी बाजूला ठेवून कानस चालवायचा, पुन्हा दांडी दातांत. जाड पट्ट्यांनाही तेच. मी पाच मिनिटं मागे उभी होते. नाव घेऊन हाक मारली. दोनदा. नाही.

जेवण ठेवलं आणि शाळेत गेले. प्रयोगशाळेच्या कपाटातला नादकाटा चौकीदाराला न विचारता उचलला. निवृत्त झाले म्हणून काय झालं, कपाट मीच लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्याच पडवीत बसवलं. गिनेम तापातून उठून दाराला टेकून उभी. नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि त्याच्या कानासमोर धरला.

"ऐकू येतंय?"

तो हसला. "इंग्गिह."

"इंग्गिह गेलं खड्ड्यात. ऐकू येतंय की नाही?" मी अशी ओरडले की फणसावरची पाखरं उडाली.

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग मान हलवली. नाही.

काटा पुन्हा आपटला आणि या वेळी काट्याची मूठ वाकिजानच्या कानामागच्या हाडावर टेकवली. त्याचा चेहरा बदलला. काटा त्याने माझ्या हातातून काढूनच घेतला. स्वतः आपटला, हाडावर ठेवला. कपाळावर ठेवला. दातांत धरला. पुन्हा आपटून कानासमोर धरला, काही नाही. पुन्हा हाडावर.

"बु गुरु," तो म्हणाला, "तुमचा काटा आमच्या पाचव्या पट्टीपेक्षा जरा उतरलेला आहे."

"बघा!" गिनेम म्हणाली. "बायकोचा आवाज येत नाही. काटा उतरलेला आहे ते कळतं."

मी दोघांना गप्प केलं आणि वहीच्या पानावर आकृती काढली. पडदा, त्यामागे पोकळी, पोकळीत एकमेकांना जोडलेली तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब. पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकिबीचं पाऊल आतल्या एका खिडकीत बसलेलं असतं, तिच्यापलीकडे पाणी. रिकीब त्या खिडकीत आतबाहेर झाली की पाण्यात लाटा उठतात आणि मग माणूस ऐकतो. ऐरणीपर्यंतचं काम वाकिजानला सांगावं लागलं नाही. तो आकृतीवर बोट ठेवून म्हणाला, "मग कुठे अडलंय?"

"रिकिबीचं पाऊल. काही लोकांत तिथे नवं हाड चढतं आणि पाऊल खिडकीत घट्ट चिकटतं. बाहेरचा आवाज ऐरणीपर्यंत येतो आणि थांबतो. आतला कान धडधाकट आहे. म्हणून कवटीतून दिलेला आवाज तिथे पोचतो, हवेतून आलेला पोचत नाही."

"आमची ऐरण जमिनीत जितकी घट्ट तितकी चांगली," तो म्हणाला.

"ही रिकीब जितकी सैल तितकी चांगली."

गिनेमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मग त्याच पानावर निघालं. भट्टीत लोक घणाच्या वर आवाज काढून बोलतात. घणाचा गोंधळ वाकिजानला अडवत नव्हता, कारण तो त्याच्यापर्यंत अर्धामुर्धाच यायचा. लोकांचं ओरडणं तेवढं यायचं. इतरांना भट्टीत ऐकू यायचं नाही, त्याला तिथेच यायचं. आणि स्वतःचा आवाज त्याच्या कवटीत घंटेसारखा घुमायचा, म्हणून तो पुटपुटायचा.

"म्हणजे हा संस्कारी नाही?" गिनेम म्हणाली.

"त्याबद्दल मला माहीत नाही. पण बहिरा आहे."

मग दारातूनच, पार रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "अहो, भात वाढू का?"

"वाढ," तो म्हणाला.

शहरातल्या इस्पितळात कानाची डॉक्टरीण पोरसवदा होती, चांगल्या घरची, आणि अर्थातच इतकी हळू बोलणारी की वाकिजान तीनदा इंग्गिह म्हणाला. मी मध्ये पडले. मग तिने ओरडून सांगितलं आणि ओरडताना लाल झाली. दोन्ही कान गेलेत, उजवा जास्त. उजव्याची रिकीब काढून तिथे केसासारख्या तारेची बारीक दांडी बसवता येईल, ऐरणीला आकड्याने अडकवून. बहुतेकांना पुन्हा ऐकू येतं. शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा मरतो, हाडातूनही ऐकू येत नाही. आणि काही जणांना सुरुवातीला सूर वाकडे ऐकू येतात.

"वाकडे म्हणजे?" वाकिजानने विचारलं. तेवढं त्याला बरोबर ऐकू आलं.

"दोन कानांना एकच आवाज वेगळा. बहुधा जातं ते."

"बहुधा."

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

ती म्हणाली, आहे ते वाढेल. कधीकधी ते नवं हाड आतल्या कानापर्यंत जातं. मग दातात दांडी धरूनही उपयोग नाही.

त्यानंतर तीन महिने त्या माणसाने आम्हाला भंडावून सोडलं. बसायचा नाही. काम करता करता उठायचा, कालव्याच्या बांधावर टोकापर्यंत जायचा, परत यायचा. जेवताना उठायचा. मशिदीत रांगेत उभा असला तरी पायाची बोटं हलताना मागून दिसायची, असं लोक सांगत. मी विचारलं की म्हणायचा, "बघू." गिनेमने विचारलं की ऐकू यायचं नाही, आता तर हक्काने. त्याचं दुखणं मला समजत होतं, म्हणून जास्तच चीड यायची. सूर लावण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. घण उचलायचं वय गेलेलं. कान मेला तर काम गेलं, वाकडा झाला तर काम गेलं, काही न करता बसला तरी आज ना उद्या काम गेलंच. तीन दारं, आणि तो तिन्हींपुढे फेऱ्या मारत होता.

मग एका सकाळी कुंपणापाशी उभा. आंघोळ केलेली, बाटिकचा सदरा.

"बु गुरु, शहराची बस किती वाजता?"

बसमध्ये त्याने कारण सांगितलं. आदल्या दिवशी एक जाड पट्टी त्याने तपासून बाजूला ठेवली होती, झाली म्हणून. पाक साप्तोने ती सहज वाजवली तर चर्र! पट्टीला चीर होती. आवाज फाटका, रस्त्यावरचं कुत्रंही मान वळवेल असा.

"सगळे हसले," वाकिजान म्हणाला. "त्यांना वाटलं मी त्यांची परीक्षा घेतोय. साप्तो म्हणाला, पाक, तुमच्यासारखे तुम्हीच. मीही हसलो."

त्याला चीर ऐकू आलीच नव्हती.

शस्त्रक्रिया जागेपणी झाली, कानापुरती भूल देऊन. डॉक्टरणीने काढलेली रिकीब त्याला जाळीच्या कपड्यावर दाखवली. कणी तांदळाची म्हणावं तर तीही मोठी. दोन बारीक पाय आणि मध्ये कमान. त्याने ती चिमट्याने उलटी करायला लावली, पालथी करायला लावली. "घडाई सुंदर आहे," तो म्हणाला. "भट्टी कुठली?" आणि मग त्याला गरगरायला लागलं. पुढचे चार दिवस छत फिरत होतं आणि तो खाट धरून पडला होता.

कानातला बोळा निघाला तेव्हा मी आणि गिनेम दोघी तिथे होतो. बाहेर कुणीतरी लोखंडी खाट ओढली. वाकिजान दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडला. नर्स धावली. त्याला वाटलं छप्पर कोसळलं. घरी आल्यावर तर विचारू नका: चपला, पालींचं चुकचुकणं, तेलात टेंपे पडल्याचा आवाज, सगळ्याला दचकायचा. गिनेम सवयीने ओरडायची आणि तो पडवीच्या दुसऱ्या टोकाला पळायचा. भट्टीजवळ महिनाभर जायचं नाही, असं बजावलं होतं, ते सांगायची गरजच नव्हती. घण पडायला लागले की तो घरात शिरून दार लावून घ्यायचा. पण ऐकू येत होतं. हवेतून, रिकिबीशिवाय, त्या तारेच्या दांडीवरून. मला वाटलं गोष्ट संपली. मी पुन्हा माझ्या भाजीच्या वाफ्याकडे वळले.

पाचव्या आठवड्यात तो कुंपण ओलांडून आला. कधी आला नव्हता असा. चेहरा राखेसारखा.

"माझा कान वाकडा आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

छपरात अर्धवट राहिलेलं गेंदेर होतं. त्याच्या पातळ पट्ट्या त्याने शस्त्रक्रियेआधी लावून ठेवल्या होत्या, दातांत दांडी धरून. आता नव्या कानाने ऐकल्या तर चढ्या. केसभर नाही, दोरीभर. पुन्हा दांडी दातांत धरली तर बरोबर. दांडी काढली, चढ्या. जाड पट्ट्या मात्र कशाही ऐका, बरोबर.

"डॉक्टरीण म्हणाली होती ना, दोन कानांना वेगळं ऐकू येईल. हेच ते. पातळ सूर माझ्या नव्या कानाला वाकडे येतात."

"किंवा पट्ट्या खरंच चढ्या आहेत."

"एकवीस वर्षं सूर लावतोय मी."

"त्यातली शेवटची तीन दाताने."

तो बसला नाही. माझ्या ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कान खोटा की काम खोटं? कान खोटा असेल तर पुन्हा कानस हातात धरायची नाही. काम खोटं असेल तर दोन वर्षांपूर्वी करांगतालुन गावाला गेलेला पूर्ण संच खोटा, कारण त्याचं गेंदेरही असंच लागलं होतं. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, मी हाडांची बाई. म्हटलं, शहरात संगीताच्या कॉलेजात मोजायचं यंत्र आहे.

"यंत्र काय सांगेल? पातळ पट्टी जाड पट्टीपेक्षा एवढी चढी. तेवढी चढी हवी की नको, ते मला विचारेल."

"मग साप्तोला विचार."

"विचारलं. म्हणतो, पाक, तुम्ही म्हणाल तसं. भट्टीत सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, फार गोड." तो थांबला. "बु गुरु, या गावात मला खरं कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही करांगतालुनला गेलो. गिनेम आली नाही, तिला बस लागते. वाकिजानच्या पिशवीत कानशी, ठोकणी, सागवानी दांडी. बसमध्ये तो उभा राहिला. बसायला जागा होती.

करांगतालुनच्या मंडपात तालमीचा दिवस होता. म्होरक्या पाक जुमादी, ढोलकवाला, गोल पोटाचा. गाणारी कार्सिनाह, मानाने न्यी कार्सिनाह, साठीची, तोंडात तंबाखू. बाकी दहाबारा माणसं. वाकिजानला बघताच सगळे उठले. चटई झटकली, चहा आला, तळलेली केळी आली. नजरा खाली. जुमादी जवळजवळ श्वासातच बोलत होता: आपण आलात, गावाचं भाग्य, वगैरे.

वाकिजान न बसता गेंदेर आणि सारोनच्या मध्ये गेला आणि वाजवू लागला. जाड पट्टी, पातळ पट्टी. जाड, पातळ. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

"या पट्ट्या कशा वाटतात?" त्याने विचारलं.

"फार गोड, पाक," जुमादी म्हणाला.

"चढ्या आहेत का?"

जुमादीने ढोलकाची वादी उगाच ओढली. "पाकनी दिलेला स्वभाव आहे. आम्ही काय बोलणार? शेजारच्या गावांचे लोक मुद्दाम ऐकायला येतात. म्हणतात, उतारवयातला पाक वाकिजानचा हात काही वेगळाच."

"पण चढ्या आहेत का?"

"आम्हाला गोड वाटतं, पाक."

मी तोंड उघडणार होते. गरज पडली नाही. वाकिजान कार्सिनाहकडे वळला, आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणाला अरे केलं नव्हतं तो, भट्टीतल्या आवाजात, सगळ्यांदेखत म्हणाला:

"काय गं ए कार्सिने! मागच्या उत्सवात तुझा घसा म्हाताऱ्या बदकासारखा फाटला म्हणे! गाता येईना तर घरी बस की नातवंडं खेळवत! चांगल्या वाद्याची लाज कशाला काढतेस?"

कुणाच्या तरी हातातला पेला कलंडला. जुमादीचं तोंड उघडं राहिलं. कार्सिनाहने तंबाखूची पिचकारी मंडपाबाहेर टाकली आणि उभी राहिली.

"माझा घसा? माझा घसा फाटला? अरे बहिऱ्या, तुझ्या पट्ट्या चढ्या आहेत! शेवटच्या तिन्ही! पहिल्या दिवसापासून चढ्या आहेत! दोन वर्षं मी टाचा उंचावून गातेय, मढं बसवलं त्या वाद्याचं! आणि तुला सांगायला आलो नव्हतो का आम्ही? मी, हा जुमादी, तो बासरीवाला! तुझ्या पडवीत बसलो. जुमादीने केवढ्या अदबीने विचारलं, पाक, जरा चढं तर नाही ना झालं? तू हसलास! तीनदा इंग्गिह म्हणालास! आम्हाला वाटलं, मुद्दाम केलंय, मोठ्या माणसाच्या मनात काहीतरी असेल. आलो परत. आणि आता माझा घसा काढतोस?"

वाकिजान हसायला लागला.

आधी खांदे हलले, मग आवाज आला, मोठा, खरखरीत, कुणी कधी न ऐकलेला. तो खांबाला धरून हसत होता आणि डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटलं माणूस गेला कामातून. जुमादी मला पुटपुटत विचारू लागला, यांची तब्येत... मी म्हटलं, त्यांनाच विचारा, त्यांना आता ऐकू येतं.

"चढ्या आहेत!" वाकिजान म्हणाला. "न्यी कार्सिनाह, पुन्हा सांगा. तिन्ही?"

"तिन्ही. शेवटची सगळ्यात जास्त," ती म्हणाली. राग अजून उतरला नव्हता. "आणि आता लगेच न्यी कशाला म्हणतोस?"

"मलाही शेवटची सगळ्यात जास्त येते." त्याने उजव्या कानावर हात ठेवला. "मी बहिरा होतो. त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत, मला अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी हसलो कारण मी सगळ्यांकडे बघून हसायचो."

मग बासरीवाला फसकन हसला, त्याच्या मागोमाग सगळे; कार्सिनाह शेवटी, तीही कडवट.

पण चूक झाली कशी, ते त्याला अजून कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय तो कानशीला हात लावणार नव्हता. त्याने दांडी काढली. दातांत धरली, पातळ पट्टीवर टेकवली, ठोकली. काढली, ठोकली. मग दांडी दातांत न धरता नुसती हाताने पट्टीवर टेकवली आणि ठोकली. तिथे तो थांबला. पुन्हा केलं. या वेळी मलासुद्धा कळलं: दांडी टेकली की पट्टीचा आवाज खाली बसायचा.

"वजन," मी म्हटलं. "पातळ पट्टीला दांडीचं ओझं होतं. जाड पट्टीला ते जाणवत नाही."

"मी टेकवून ऐकायचो, उतरलेली वाटायची. मग टोकं घासून चढवायचो." त्याने दांडी पिशवीत न ठेवता बाजूला टाकली. "ऐकायला जाऊन मीच तिला दाबत होतो."

जुमादीने आता घसा साफ केला. "झालं ते झालं, पाक. पण आता हात लावू नका. दोन वर्षांत या सुराला नाव मिळालंय. करांगतालुनचा चढा गेंदेर म्हणतात. आमची तरणी पोरं याच सुरावर शिकलीत. आता उतरवलात तर लोक म्हणतील..."

"लोक म्हणतील!" कार्सिनाह उसळली. "गाणार कोण, लोक की मी?"

"न्यी, तुम्हीच मागच्या महिन्यात म्हणालात की सवय झाली..."

"सवय झाली म्हणजे आवडलं असं नाही, जुमादी. तुझ्या बायकोला विचार."

पुन्हा हशा. जुमादी हसला नाही. त्याचं म्हणणं अगदी चूक होतं असंही मला वाटत नाही. चुकीवरही दोन वर्षांत माणसं घर बांधतात. वाकिजानने त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये न बोलता, इंग्गिह न म्हणता. मग म्हणाला, "पाक जुमादी, हा स्वभाव मी दिलेला नाही. तो दांडीने दिलाय. माझं नाव त्यावर नको. नको असेल तर मी जातो, पण मग सांगा सगळ्यांना, वाकिजानला तेव्हा ऐकू येत नव्हतं."

जुमादीने चहाच्या पेल्यात बघितलं. मग म्हणाला, "एक पट्टी करा. ऐकू. मग ठरवू."

वाकिजानने शेवटची पट्टी दोरीतून सोडवली, मांडीवर पालथी घेतली आणि पोटाशी कानस लावली. पहिला घासा मारण्याआधी त्याचा हात थांबला. पाच आठवड्यांचा कान, आणि काशाला घासलेलं परत लावता येत नाही. कार्सिनाह त्याच्यासमोर चटईवर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"मार," ती म्हणाली.

चार घासे. पट्टी टांगली, वाजवली. तिने सूर धरला, डोळे उघडे ठेवून, त्याच्याकडे बघत. तिने मान हलवली. अजून. त्याने दोन घासे मारले. वाजवली. तिने गायलं.

"आलं," ती म्हणाली.

"नाही आलं."

"मी सांगते ना आलं म्हणून! गाणारी मी आहे."

"अजून एक घासा."

"उतरेल!"

"नाही उतरणार. गा तू."

त्याने घासा मारला, हलका, पट्टीवर धूळसुद्धा दिसली नाही. टांगली. ठोकली. कार्सिनाहने तोंड उघडलं आणि सूर लावला, आणि या वेळी तिची हनुवटी वर गेली नाही. जुमादीने पेला खाली ठेवला. वाकिजान उजवा कान पुढे करून पट्टीचा आवाज विझेपर्यंत ऐकत राहिला, मग हात पुढे करून म्हणाला, "दुसरी सोडवा."